तुम्ही विचारलंत म्हणून : ब्राझीलची गीर आणि आपली वही

"डॉक्टर, आपलीच गीर ब्राझीलमध्ये एवढं दूध देते, मग इथे का नाही?" मी पशुवैद्यक आहे. राहते ठाण्यात, नौपाड्यात. काम शहापूर-मुरबाडकडच्या गावांत. हा प्रश्न सोसायटीत, लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीतही येतो. विचारणाऱ्याच्या मोबाइलवर बहुधा भरल्या कासेच्या गाईचा व्हिडिओ असतो.

चारा, पाणी, गोठा यांचा वाटा आहेच. पण माझं खरं उत्तर एकच : त्यांनी लिहून ठेवलं.

भावनगरच्या महाराजांकडचा 'कृष्णा' नावाचा वळू 1960 च्या सुमारास ब्राझीलला गेला. पण चांगला वळू नेला आणि काम झालं, असं नसतं. वळू दूध देत नाही. त्याच्यात काय दडलंय ते त्याच्या मुलींच्या धारेवरूनच कळतं, आणि एका मुलीवरून नव्हे, वेगवेगळ्या गोठ्यांतल्या पुष्कळ मुलींवरून. ब्राझीलमध्ये ही पारख 1985 पासून नेटाने चालू आहे. काळाचा हिशेब मांडून बघा. आज कृत्रिम रेतन केलं, की नऊ-साडेनऊ महिन्यांनी कालवड जन्मते. देशी कालवड पहिल्यांदा विते ती तीन-चार वर्षांची झाल्यावर. मग दहा महिन्यांच्या वेताचं दूध मोजायचं. तोवर वळू म्हातारपणाकडे झुकलेला असतो. म्हणून तर त्याचं रेत उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये जपून ठेवतात.

आपल्याकडे रेतन झालं, भरपूर झालं. मोजणी मात्र तोकडी राहिली. तिकडे एकेका गोठ्यात शेकडो गाई. आपल्याकडे एका घरी दोन. त्या दोघींसाठी तराजू घेऊन पहाटे कोण येणार?

म्हणून आसनगावपासून आत एका पाड्यावर मी चार घरांत दुधाच्या नोंदीची वही सुरू केली. महिन्यातून एक दिवस, सकाळ-संध्याकाळ दोन्ही धारा. पहिल्याच दिवशी अडले. आपली गाय वासराशिवाय पान्हा सोडत नाही. मावशींनी वासरू सोडलं, त्याने ढुशा दिल्या, कास तटतटली, मग त्याला खुंट्याशी ओढून बांधलं आणि चरवी धरली. काट्यावर भरलं सव्वादोन किलो. मावशी म्हणाल्या, "म्याडम, वासराचा वाटा कुठं मांडायचा?" चारही घरांत वासराला एक सड राखून ठेवायचा, एवढं तरी ठरवलं, म्हणजे तुलना सारखी होईल.

दुसऱ्या वर्षी एक गाय म्हसाच्या जत्रेत विकली गेली. कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला होता, पण नव्या मालकाची नोंद कोणी केली नाही. सात महिन्यांचे आकडे वहीत अर्धवट राहिले. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. पण मालकाला दोष कसा देऊ? मुलीचं लग्न होतं.

विदेशी संकराचंही विचारतात. पहिली पिढी जोमदार निघते. पुढे मिळेल तो वळू लावत गेलं की तो जोम उतरतो. आणि डांगीला, आपल्याकडच्या या देशी जातीला, दुधाच्या मापाने तोलू नका. तिची कातडी तेलकट, पावसात निभावणारी. इथल्या धो-धो पावसात चिखलणीला तिचेच बैल उभे राहतात. सुधारणा म्हणजे फक्त लिटर, हे मला मान्य नाही.

2024 च्या ऑक्टोबरमध्ये वाशीमला देशी गाईंसाठी जनुकीय चिप, म्हणजे जनुकं तपासायचं साधन, जाहीर झाली. आता वासराच्या रक्तावरून पुढच्या दुधाचा अंदाज बांधता येईल, वर्षं वाचतील. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण चिपला शिकवायलाही हजारो गाईंच्या मोजलेल्या धारा लागतातच.

मावशींची कालवड, गीरच्या रेतनाची पहिली, ज्येष्ठात विणार आहे. ती व्याली की त्या महिन्याच्या मोजणीला मी पहाटेची कसारा लोकल पकडेन. वहीत तिच्यासाठी पान कोरं ठेवलंय. वर फक्त आईचं नाव आणि वळूचा क्रमांक आहे.