एवढासा ठिपका

"एवढासा ठिपका? ज्वालामुखी कुठेय?"

आज गुरूच्या आयो या चंद्राचं इन्फ्रारेड, म्हणजे उष्णता टिपणारं चित्र बघत होते, तेव्हा भाचीने मागून डोकावून विचारलं. मी म्हटलं, "हाच." तिचा विश्वास बसला नाही. खरं तर त्या ठिपक्यात सुमारे २०० किलोमीटर रुंदीचा लाव्हाचा तलाव आहे. लोकी पटेरा त्याचं नाव.

मग तिला ८ मार्च २०१५ ची गोष्ट सांगितली. त्या रात्री युरोपा हा गुरूचाच आणखी एक चंद्र आयोच्या बरोब्बर समोरून सरकला. युरोपावर बर्फ. इन्फ्रारेडमध्ये तो जवळजवळ काळाच दिसतो. त्याची कड पुढे सरकत गेली तसा तो तलाव कणाकणाने झाकला गेला आणि पुन्हा उघडा पडला. ॲरिझोनातल्या मोठ्या दुर्बिणीने उजेड कसा कमी-जास्त होतो ते टिपलं आणि त्यावरून तलावाचा कुठला भाग जास्त गरम, कुठला कमी, याचा नकाशाच तयार झाला!

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे झाकल्यामुळे दिसलं?"

तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. गुरू आणि शेजारचे चंद्र आयोला सतत ओढतात, दाबतात, त्या मळण्यानेच तो आतून तापतो. आणि त्याची आग नीट दिसली, तीही त्यातल्याच एका शेजाऱ्यामुळे.

असं आणखी काय काय आपल्याला नुसता ठिपका वाटत असेल?