औटकीचा पाढा

आण्णा, म्हणजे माझे वडील, दर रविवारी फोनवर पहिल्यांदा विचारतात, "जेवलीस काय?" सप्टेंबरपासून त्याला दुसरा प्रश्न जोडला गेला होता, "त्या सौद्याच्या नोकरीचं काय झालं?" ट्रेडिंग हा शब्द त्यांच्या तोंडात बसत नाही आणि बसायची गरजही नाही. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात एका गुळाच्या अडत दुकानात ते अठ्ठावीस वर्षं दिवाणजी आहेत. सौदा म्हणजे काय हे मला त्यांच्याइतकं नीट कुणी समजावलेलं नाही, ॲमस्टरडॅममधल्या माझ्या प्राध्यापकांनीसुद्धा नाही.

हे लिहायचं कारण असं की इथल्या ट्रेडिंग कंपनीच्या मुलाखतीची बातमी घरी कळल्यापासून गावाकडून मला बरेच मेसेज आले. काही काळजीचे होते. आमच्या भागात शेअर मार्केटच्या नावाखाली दामदुप्पट करून देतो म्हणणाऱ्यांनी किती घरांची पुंजी बुडवली हे मी जवळून पाहिलंय, त्यामुळे मावशीचा "असल्या धंद्यात पडू नको गं" हा मेसेज मला अजिबात चुकीचा वाटला नाही. काही मेसेज कॉलेजच्या पोरांचे होते, तयारी कशी केलीस म्हणून. दोघांनाही एकदमच उत्तर देते.

मी जिथे अर्ज केला ती कंपनी कुणाचे पैसे गुंतवायला घेत नाही. स्वतःच्या भांडवलावर धंदा करते. विमानतळावर चलन बदलणाऱ्याच्या खिडकीत युरोचे दोन भाव लावलेले असतात, एक तो घेईल तो आणि एक तो देईल तो. ही कंपनी तेच करते, पण हजारो शेअर्स आणि ऑप्शन्समध्ये (ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे घ्यायचा किंवा विकायचा हक्क), दिवसभर. कुणाला विकायचं असेल तर ही घेते, कुणाला घ्यायचं असेल तर ही विकते, आणि दोन भावांमधला बारीक फरक ही तिची कमाई. हे ऐकून आण्णा म्हणाले, "म्हणजे तुम्ही अडते." मी म्हटलं, नाही. अडत्याला अडत, म्हणजे दलाली, मिळते, माल त्याचा नसतो. इथे घेतलेला माल आपल्याच गळ्यात असतो आणि भाव पडला तर आपलाच पडतो. त्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग झोप लागंल का तुला?" मुलाखतीतही मला इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नाही.

असल्या कंपन्या ॲमस्टरडॅममध्येच इतक्या का, असंही एकाने विचारलंय. १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली आणि तिच्या शेअर्सची खरेदी-विक्री याच शहरात सुरू झाली. पुढे १९७८ मध्ये युरोपातला पहिला ऑप्शन्सचा बाजार इथेच उघडला. त्या बाजारात उभं राहून ओरडून सौदे करणाऱ्या माणसांतूनच पुढे काही कंपन्या उभ्या राहिल्या. आता ओरडणं गेलं, संगणक आले, पण माणूस निवडायची रीत बरीचशी जुनीच आहे. पहिली पायरी तोंडी हिशेब.

तोंडी म्हणजे खरोखर तोंडी. कागद, पेन, कॅल्क्युलेटर काही नाही. ८ मिनिटांत ८० गणितं, म्हणजे एकाला ६ सेकंद, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. अपूर्णांक, दशांश, टक्के, उलटसुलट. पहिल्या कंपनीच्या परीक्षेत मी ५१ पर्यंत पोचले आणि दोन दिवसांत नकाराचा मेल आला. मला फार लागलं ते. इंजिनिअरिंग झालेली, इथे एमएस्सी केलेली मुलगी गुणाकारात नापास होते, हे घरी कसं सांगायचं कळेना.

या दिवाळीला मी दोन वर्षांनी घरी गेले. दुसऱ्या कंपनीची परीक्षा सुट्टीतच आली होती. माळ्यावर आजोबांची जुनी वही होती, त्यात पाढे लिहिलेले. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. आजोबा जाऊन सात वर्षं झाली, पण लहानपणी त्यांनी हे पाढे माझ्याकडून झोपाळ्याच्या तालावर म्हणून घेतले होते. शाळेत त्यांचा उपयोग झाला नाही, म्हणून विसरले. दहा दिवस मी पहाटे तेच म्हटले. पाऊणकी येत असेल तर ७५ टक्के काढायला डोकं लागत नाही. सवायकी येत असेल तर १.२५ ने गुणायला पेन लागत नाही. आण्णांनी दुकानातले हिशेब घातले. समजा क्विंटलला ४,२०० चा भाव निघाला, तर ३० किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, केवढ्याला? मी १,२६० म्हणेपर्यंत ते पुढच्या गणितावर गेलेले असायचे. साठीला आलेला माणूस, पण सगळे हिशेब बोटांच्या पेरांवर. त्या परीक्षेत मी ७३ पर्यंत गेले.

पाडव्याला आण्णांनी मला यार्डात नेलं. पाडव्याच्या मुहूर्ताचा गुळाचा सौदा म्हणजे हंगामातला मानाचा. रव्यांना हळदकुंकू, सगळीकडे गुळाचा वास, आणि व्यापारी, अडते, हमाल यांचा घोळका एका दुकानापुढून दुसऱ्या दुकानापुढे सरकणारा. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती याच गुळाच्या व्यापारासाठी. मी लहानपणी इथे शेंगा खात फिरायचे, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. बोली लावणारा तोंडाने आकडा बोलत असला, तरी त्याची नजर इतरांवर असते. एकाने बोली वाढवली की दुसरा लगेच रव्याचा तुकडा पुन्हा मोडून बघतो, पहिल्याला काय दिसलं जे आपल्याला दिसलं नाही म्हणून. आण्णा कानाशी म्हणाले, "आपण सांगितलेला भाव समोरच्यानं पटकन घेतला, की समजायचं आपण चुकलो." पुस्तकांत यावर प्रकरणंच्या प्रकरणं आहेत.

परत आले आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बोलावणं आलं. ॲमस्टरडॅमच्या झाउदास भागातली काचेची इमारत, सकाळी नऊ ते दुपारी चार, मध्ये त्यांच्याच लोकांबरोबर जेवण. इंग्रजीची भीती वाटणाऱ्यांना सांगते, माझ्या उच्चारांकडे कुणाचं लक्षही नव्हतं. विचार करताना मोठ्याने बोला एवढंच ते सांगत होते.

सुरुवातीला फासा. एक फासा टाकायचा, जेवढा आकडा तेवढे युरो तुझे. पहिला आकडा पसंत नसेल तर एकदाच पुन्हा टाकता येईल. या खेळाची किंमत किती, म्हणजे सरासरी किती युरो हाती येतील? एका फाशाची सरासरी साडेतीन. म्हणजे ४, ५, ६ आले तर ठेवायचं, त्यांची सरासरी ५. नाहीतर पुन्हा टाकायचं, तिथे साडेतीन. दोन्ही निम्म्या निम्म्या वेळा, म्हणून सव्वाचार. तीन वेळा टाकता आला तर? आता हातात सव्वाचारची आशा आहे, म्हणून ४ सुद्धा सोडून द्यायचा, फक्त ५ आणि ६ ठेवायचे. उत्तर ४.६७ च्या जवळ. हातातले ४ सोडताना मन कचरतं खरं, पण हिशेब तसाच आहे.

मग दहा प्रश्न आले ज्यांची उत्तरं कुणालाच पाठ नसतात. नदीची लांबी, इमारतीची उंची, असले. प्रत्येकाला खालचा आणि वरचा आकडा द्यायचा, असा की दहापैकी नऊ वेळा खरं उत्तर आत सापडेल. बहुतेक जण फार अरुंद आकडे देतात, कारण रुंद आकडा दिला की अडाणी वाटू अशी भीती असते. मला पंचगंगा आठवली. आमचं गाव नदीकाठचं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आमच्याकडे पोरासोरांना पाठ असतं. एका पुराच्या वर्षी रात्री काकूने विचारलं, पाणी कुठवर येईल? आण्णा म्हणाले, "सकाळपर्यंत ४६ ते ४९. पण सामान ५२ च्या हिशेबानं माळ्यावर टाका." पाणी ५० च्या वर गेलं. आण्णांचा अंदाज चुकला, धान्य वाचलं. मी माझे आकडे न लाजता रुंद दिले. दहापैकी नऊ आत होते.

शेवटचा खेळ सर्वांत लांबला. टेबलावर तीन वाट्या उपड्या, प्रत्येकीखाली एक फासा. तिन्हींची बेरीज हा माल, जेवढी बेरीज तेवढी त्याची खरी किंमत. मी दोन भाव सांगायचे, समोरचा वाटेल तसं घेणार किंवा विकणार. औटकी आपोआप ओठांवर आली, साडेतीन, सात, साडेदहा. मी म्हटलं, साडेनऊला घेते, साडेअकराला देते. त्याने लगेच साडेअकराला घेतलं. यार्डातलं वाक्य आठवलं. मी विचारलं, "तुम्ही फासे पाहिलेत का?" तो नाही म्हणाला आणि काहीतरी टिपून घेतलं. मी भाव वर सरकवला, दहा आणि बारा. त्याने बाराला आणखी एक घेतला. आता मी दोन विकून बसले होते.

पहिली वाटी उचलली. ६. बेरजेचा अंदाज एकदम तेरावर गेला आणि मी साडेअकराला आणि बाराला विकलेलं. पोटात खड्डा पडला. त्या क्षणी जुन्या भावाला चिकटून राहावं, पुढची वाटी आपल्याला वाचवेल अशी आशा धरावी, असं फार वाटतं. पण घोळक्यातल्या कुठल्याही व्यापाऱ्याने रव्याचा तुकडा मोडून पाहिल्यावर जुनी बोली धरून ठेवली नव्हती. मी १३ ला घेते, १४ ला देते असं सांगितलं. मला माल परत घ्यायचा होता, म्हणून मुद्दाम वरचा भाव. त्याने १३ ला एक विकला. दुसरी वाटी उचलली, २. अंदाज साडेअकरा. मी ११ आणि १२ म्हटलं, त्याने ११ ला विकला. हिशेब बंद. २३.५० ला विकलेलं २४ ला परत घेतलं, तोटा अर्धा युरो.

दोन दिवसांनी फोन आला. घेतलंय मला. जानेवारीपासून सुरुवात. पदवीनंतर नोकरी शोधायला मिळणारा एक वर्षाचा परवाना माझ्याकडे आहे, पुढचा कंपनी काढेल. त्यांनी सांगितलं की तोट्यापेक्षा पहिली वाटी उघडल्यावर मी किती लवकर हलले ते त्यांनी पाहिलं.

घरी फोन केला तेव्हा तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. आई रडली. आण्णांना सगळा खेळ पहिल्यापासून हवा होता, प्रत्येक भाव, प्रत्येक वाटी. मध्ये मध्ये ते "हं" म्हणत होते, दुकानात बिल तपासताना म्हणतात तसं. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि तिसऱ्या वाटीखाली काय निघालं?"

"उचललीच नाही, आण्णा. माझ्याकडं घेतलेलं-विकलेलं काही शिल्लक नव्हतं."

थोडा वेळ फोनवर फक्त घरातला पंखा ऐकू येत होता.

"मग झोप लागंल तुला," आण्णा म्हणाले. "जेवलीस काय?"