‘हरळ’ या शब्दाखाली कोणते साल लिहावे?

एका ऑनलाइन मराठी शब्दकोशात गोमंतकातील जुन्या ग्रंथांची अवतरणे भरण्याचे काम मी फोंड्याला घरी बसून करीत असतो. अवतरण ही शब्दाची साक्ष असते. तो शब्द कोणी, केव्हा आणि कोणत्या रूपात वापरला हे तिच्यावरून कळते. मागच्या आठवड्यात ‘हरळ’ म्हणजे बारीक खडा या नोंदीपाशी मी अडलो. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूंच्या ख्रिस्तपुराणातली, म्हणजे ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तकथा सांगणाऱ्या ग्रंथातली, ओवी तिथे द्यायची होती:

जैसी हरळांमाजी रत्नकिळा ।
कीं रत्नांमाजी हिरा निळा ।
तैसी भासांमाजी चोखळा ।
भासा मराठी ॥

ओवीच्या डोक्यावर पूर्वीच्या कोणी नुसते ‘१६१६’ असे लिहून ठेवले होते. ग्रंथ त्या साली गोव्यातील राशोलला छापला गेला हे खरे आहे, आणि १६४९ व १६५४ साली तो पुन्हा निघाला हेही खरे आहे. परंतु तो छापला गेला रोमन लिपीत, आणि त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. आपल्या हाती आहे तो जोसेफ सालढाणा यांनी हस्तलिखितांवरून सिद्ध करून १९०७ साली मंगळुरात रोमन लिपीतच छापलेला पाठ, आणि शांताराम बंडेलू यांची १९५६ सालची देवनागरी आवृत्ती. म्हणजे वर दिलेली देवनागरी अक्षरे १६१६ साली कोणत्याही छापील पानावर नव्हती. रचनेचे साल आणि ज्या प्रतीतून ओळ उचलली त्या प्रतीचे साल, ही दोन्ही अवतरणाशेजारी वेगवेगळी दिसलीच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

लिपीचा प्रश्न याहून नाजूक आहे. त्या काळच्या गोमंतकीय रोमन लेखनात ‘ळ’साठी एल हे अक्षर दोनदा लिहीत, त्यामुळे ‘हरळ’ मधला ळ निःसंशय ठरतो. पण ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तिथे उमटत नाही, आणि ‘निळा’ मधली वेलांटी पहिली की दुसरी हे देवनागरीत उतरवणाराच ठरवतो. म्हणून मूळ रोमन ओळ जशीच्या तशी वर आणि देवनागरी रूप तिच्याखाली, असे मी ठेवतो. पोर्तुगीज ग्रंथांतला लांब एस (ſ) मात्र मी साध्या एसमध्ये बदलतो, कारण तो टाइपाचा आकार आहे, शब्दाचे लेखन नव्हे. अनुस्वाराची नागमोडी खूण शब्दाच्या लेखनाचाच भाग असल्यामुळे तिला हात लावत नाही.

लंडनमध्ये ठेवलेल्या मार्सडेन संग्रहातील याच ग्रंथाच्या देवनागरी हस्तलिखितामुळे तर जबाबदारी आणखी वाढते. रोमन पाठात जिथे पोर्तुगीज वळणाचे धर्मशब्द आहेत, तिथे या पोथीत अनेकदा संस्कृत शब्द येतात. कोशकाराच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे: एका पाठाची ओळ दुसऱ्याच्या नावावर चढवली, तर जो शब्द त्या पाठात नाहीच, त्याची खोटी साक्ष आपण नोंदवतो. त्यामुळे ‘ख्रिस्तपुराण’ एवढाच उल्लेख पुरत नाही. पाठाचे नाव, मग पुराण (ग्रंथाचा पहिला की दुसरा भाग), अवस्वरू (अध्याय) आणि ओवीचा क्रमांक, अशा क्रमाने तो द्यावा. पृष्ठांक आवृत्तीगणिक बदलतो, ओवीचा पत्ता त्या मानाने स्थिर राहतो.

पडद्यावरची मांडणी थोडक्यात सांगतो. चारही चरण स्वतंत्र ओळींत हवेत, आणि दंडाच्या आधी न तुटणारी जागा घालावी, नाहीतर मोबाइलवर एकटा दंड खालच्या ओळीत जाऊन बसतो. नोंदीचा शब्द ठळक करताना ‘हरळांमाजी’ हे सबंध रूप ठळक करावे. प्रत्यय तोडून अर्धाच शब्द गडद केला की वाचणाऱ्याची लय मोडते.

‘हरळ’ची नोंद आता दुरुस्त झाली आहे. ‘रचना १६१६, पाठ सालढाणा, मंगळूर, १९०७’ असे तिथे लिहिले आहे, आणि ‘चोखळ’च्या नोंदीखाली हीच ओवी याच पद्धतीने लावायचे काम आज रात्री हाती घेतो आहे.