लायसिनची फाइल

पशुखाद्यात मिसळायच्या लायसिनच्या मंजुरीसाठी कागदपत्रे तयार करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा सगळा वेळ पिल्लांवरच्या चाचण्यांतच जाणार, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात परिणामकारकतेचा भाग सर्वांत आधी उरकला. लायसिन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल, म्हणजे शरीराला स्वतः बनवता न येणारा प्रथिनांचा घटक आहे, डुकरांच्या धान्याधारित खाद्यात बहुधा तेच सर्वांत आधी कमी पडते आणि ते सोयापेंडीतून आले की पिशवीतून, याचे शरीराला सोयरसुतक नसते. त्यामुळे नव्याने सिद्ध करण्यासारखे फारसे नव्हते. अट एकच घालावी लागली: रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव उघडे लायसिन मोडून टाकतात, म्हणून त्यांच्यासाठी त्यावर संरक्षक लेप हवा.

खरी दमछाक झाली ती सुरक्षिततेच्या भागात. आमचे लायसिन जनुकीय बदल केलेल्या जिवाणूंच्या किण्वनातून तयार होत असल्याने, अंतिम पुडीत ते जिवाणू किंवा त्यांचा डीएनए शिल्लक नाही, हे दाखवणे भाग होते. आम्ही ‘डीएनए आढळला नाही’ असे अहवाल जोडले आणि फाइल परत आली. परीक्षकांचा प्रश्न रास्त होता: पुडीतलाच एखादा घटक चाचणीत अडथळा आणत असेल तर? मग नमुन्यात मुद्दाम थोडा डीएनए मिसळून तो चाचणीत सापडतो, हे दाखवण्यासाठी सगळे काम पुन्हा करावे लागले.

या काळात माझीही एक चूक उघड झाली. वापराच्या सूचनेत मी टनामागे 2 किलो पूड म्हणजे 2 किलो लायसिन असे धरले होते. ही पूड लायसिनचा हायड्रोक्लोराइड क्षार असते, 98.5 टक्के शुद्ध पुडीत लायसिन सुमारे 78.8 टक्केच, म्हणजे 2 किलोंत जेमतेम 1.58 किलो. उरलेल्यात बराचसा क्लोराइड, म्हणून खाद्यातल्या मिठाचाही हिशेब नव्याने मांडला.

धुळीचा मुद्दा मला आधी औपचारिक वाटला होता. कारखान्यात पिशवी मिक्सरमध्ये रिकामी होताना उडालेली पांढरी पूड माझ्या चष्म्यावर बसली, तेव्हा कामगारांच्या श्वासातून काय जात असेल ते कळले. मंजूर झालेल्या लेबलवर मास्कची सूचना आहे आणि खाद्य व पिण्याचे पाणी अशा दोन्ही वाटांनी लायसिन एकाच वेळी देऊ नये, हेही तिथेच लिहिले आहे.