बॅग धरायला कुणी नाही, हे धरूनच चाला

चाळिशी-पन्नाशीनंतर बाई एकटी परदेशी निघाली की घरचे चोरांची भीती घालतात. चोर असतातच, पण ट्रिप बिघडते ती बहुतेक वेळा त्याहून साध्या गोष्टींनी. विमानतळावरच्या टॉयलेटात मोठी बॅग आत मावत नाही आणि बाहेर ती बघायला कुणी नसतं. बेवारस ठेवली तर सुरक्षारक्षक उचलून नेणार.

म्हणून बॅगेची परीक्षा घरीच घ्या. पूर्ण भरा, एका हाताने दोन जिने चढवा, मग डोक्याच्या वर उचलून फळीवर ठेवा. दम लागला, खांदा दुखला, तर सामान काढा. चाकांच्या भरवशावर राहू नका, जिन्यावर ती फिरत नाहीत. पॅरिसच्या मेट्रोत बहुतेक स्टेशनांत पायऱ्याच आहेत. खोली घेताना ‘लिफ्ट आहे’ एवढंच वाचून थांबू नका. ती रस्त्याच्या पातळीपासून आहे का, ते लिहून विचारा. जुन्या इमारतींत लिफ्टपर्यंत पोचायलाच सात-आठ पायऱ्या असू शकतात.

आता औषधं, कारण या वयात खरी गुंतागुंत तिथे आहे. जितके दिवस, त्याहून आठवडाभराच्या जास्त गोळ्या घ्या आणि सगळ्या केबिन बॅगेत ठेवा. आठवड्याच्या डबीत काढून नेऊ नका. मूळ पाकिटातच राहू द्या. सोबत इंग्रजीत प्रिस्क्रिप्शन हवं, त्यावर ब्रँडचं नव्हे तर औषधाचं मूळ नाव. पॅरासिटॅमॉलला अमेरिकेत आणि जपानमध्ये अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. तिथल्या दुकानात तुमचा ब्रँड कुणाला कळणार? इन्सुलिन चेक-इन बॅगेत टाकलं तर गोठून वाया जाऊ शकतं. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, पूर्वेकडे आखडतो, तेव्हा डोसचं वेळापत्रक डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

कायद्याचंही बघा. जपानमध्ये 10 टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेलं सर्दीचं औषध नेता येत नाही. तिथे प्रिस्क्रिप्शनची औषधं महिन्याभराहून जास्त नेत असाल, तर आयातीचं प्रमाणपत्र आधी काढावं लागतं. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन आणि ट्रामाडॉल या वेदनाशामकांसाठी पूर्वपरवानगी लागते. साध्या खोकल्याच्या बाटलीतही कोडीन असू शकतं, म्हणून घटक वाचा.

पाळीबद्दल कुणी बोलत नाही म्हणून सांगते. सहा महिने आली नाही म्हणजे गेली, असं नसतं. सलग 12 महिने न आल्याशिवाय ती थांबली असं धरत नाहीत. नेमकी विमानात सुरू होते. पॅड आणि एक जास्तीची पँट हाताशी असू द्या. आणि वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, तर तिकिटाआधी डॉक्टर.

चार तासांहून लांबच्या प्रवासात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. चाळिशी ओलांडलेल्यांना, हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांना आणि नुकतंच ऑपरेशन झालेल्यांना तो जास्त. कडेची सीट घ्या, अधूनमधून उठा, बसल्याबसल्या टाचा वर-खाली करत राहा. धोका जास्त असेल तर डॉक्टरांना विचारून गुडघ्यापर्यंतचे 15 ते 30 एमएमएचजी दाबाचे मोजे घ्या. पोटरीचं माप सकाळी, सूज नसताना घ्यायचं. मोज्याची गुडघ्याखाली घडी पडली तर तिथेच फास बसतो, मग फायद्यापेक्षा तोटाच.

विम्यात रक्तदाब, मधुमेह, जुनी शस्त्रक्रिया लपवली तर हप्ता वाचतो आणि क्लेम बुडतो. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाला, किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय कवच लागतं. पासपोर्ट तिथून निघण्याच्या तारखेनंतर तीन महिने वैध आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. बऱ्याच इतर देशांना सहा महिने लागतात.

पैशांची खरी अडचण ओटीपीची. परदेशी सिम घातलं की बँकेचा मेसेज जुन्या नंबरवर जातो. ते सिम रोमिंगवर चालू ठेवा, नेटसाठी ई-सिम घ्या आणि निघण्याआधी एकदा ओटीपी मागवून बघा. कार्डं दोन, वेगवेगळ्या ठिकाणी. मशीनने ‘तुमच्या चलनात पैसे द्यायचे का’ विचारलं तर ‘नाही’ म्हणा. तो दर जवळजवळ नेहमी महागच पडतो.

पोचायची वेळ उजेडाची निवडा, विमान थोडं महाग असलं तरी. हॉटेलचा पत्ता तिथल्या लिपीत कागदावर लिहून ठेवा, फोन बंद पडल्यावर तोच उपयोगी. रिसेप्शनवर कुणी खोलीचा नंबर मोठ्याने बोललं, तर खोली बदलून मागा, संकोच कसला? रात्री दाराखाली रबरी पाचर लावता येते, पण दार आत उघडत असेल तरच. बाहेर उघडणाऱ्या दाराला तिचा काडीचा उपयोग नाही.