अमेरिकेत पण लोडशेडिंग?

ह्यूस्टनला राहायला आलो तेव्हा घराची चावी हातात पडायच्या आधीच ऑफिसमधल्या मैत्रिणीने विचारलं, वीज कुठल्या कंपनीची घेणार? मला प्रश्नच कळेना. चिपळूणला वीज म्हणजे बोर्डाची, नंतर महावितरणची, त्यात निवडायचं काय? पण टेक्ससच्या बऱ्याच भागात 2002 पासून ग्राहकानेच कंपनी निवडायची असते, सरकारचीच एक वेबसाइट आहे, पिन कोड टाकला की ढिगाने प्लॅन समोर येतात, बारा महिन्यांचा, चोवीस महिन्यांचा, रात्री फुकट. खांब तेच, तारा त्याच, बिल पाठवणारा तेवढा वेगळा. मी दिसायला सगळ्यात स्वस्त होता तो घेतला. महिन्याला 1000 युनिट पार केले तरच त्यात सूट मिळायची, ऑक्टोबरात 987 झाले आणि सूट गेली. म्हणजे तेरा युनिट कमी जाळले म्हणून बिल वाढलं! माझ्या आईला हा हिशोब फोनवर समजावता आला नाही, कारण तो मलाच पटला नव्हता.

तरी इथपर्यंत नुसता पैशांचा प्रश्न होता.

15 फेब्रुवारी 2021, मध्यरात्र उलटून गेलेली, बाहेर उणे आठ-नऊ, आणि लाइट गेले. हीटर बंद. सकाळपर्यंत घरात इतकं गार की मुलींना तीन-तीन स्वेटर घालून एकाच रजईत घेऊन बसले होते, गॅसची शेगडी होती म्हणून निदान चहा आणि खिचडी झाली. शेजारच्या आजींना ऑक्सिजन लागतो, त्यांचं घरचं मोठं मशीन बंद पडलं, छोटं होतं ते गाडीच्या सॉकेटवर चालतं, मग नवऱ्याने गाडी गॅरेजमधून पार रस्त्यापर्यंत बाहेर काढली (बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून माणसं गुदमरून गेल्याच्या बातम्या येत होत्या) आणि आजी दोन दिवस बराच वेळ आमच्या गाडीतच बसून होत्या, मांडीवर ते मशीन, आणि दर थोड्या वेळाने त्या पेट्रोलच्या काट्याकडे बघायच्या. बुधवारी आमच्या छतातला पाइप फुटला. पण मला आठवतो तो काटाच.

राज्यभर 45 लाखांवर घरं-दुकानं अंधारात होती. सरकारी आकड्याप्रमाणे 246 माणसं गेली.

त्याच दिवसांत विजेचा घाऊक भाव मेगावॅट-तासाला 9000 डॉलरवर नेऊन ठेवला होता. म्हणजे एका युनिटला 9 डॉलर, तेव्हाचे साडेसहाशे रुपये! ज्यांचे प्लॅन घाऊक भावाशी जोडलेले होते त्यांना काही दिवसांची हजारो डॉलरची बिलं आली. यामागचा विचार असा की टंचाई झाली की भाव चढेल, त्या कमाईच्या आशेने कंपन्या वीजकेंद्रं उभारतील आणि ती सज्ज ठेवतील, नुसतं सज्ज राहण्याचे वेगळे पैसे कुणाला नाहीत. पण या केंद्रांना गॅस पुरवणाऱ्या विहिरी गोठल्या, केंद्रांतली उपकरणं गोठली, आता भाव कितीही चढवा, गोठलेला पाइप काय डॉलर बघून वितळतो का? शेजारच्या राज्यांतून वीज आणावी तर तीही फारशी येईना, कारण वॉशिंग्टनचे नियम लागू नयेत म्हणून टेक्ससने आपलं ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, वेगळंच ठेवलंय.

मला सगळ्यात चीड याची येते की हे आधी घडून गेलं होतं. 2011 च्या फेब्रुवारीतही असंच गोठलं होतं, केंद्र सरकारच्या अहवालात सांगितलं होतं की यंत्रणा थंडीला तोंड देईल अशी करा. ते ऐच्छिक राहिलं. राज्याच्या पश्चिम टोकाला एल पासो आहे, ते दुसऱ्या ग्रिडवर, तिथे हा बाजार नाही, त्यांनी 2011 नंतर खर्च करून घेतला आणि 2021 ला तिथे जवळपास काहीच झालं नाही.

मामा गुहागरचा. त्याचा फोन लागला तेव्हा म्हणाला, "अगं, एन्रॉन तुमच्या ह्यूस्टनचीच ना?" हो, इथलीच, आणि टेक्ससमध्ये विजेचा बाजार खुला करा म्हणून मागे लागलेल्यांत ती पुढे होती. गुहागरजवळचा तिचा दाभोळ वीजप्रकल्प 2001 मध्ये बंद पडला, त्याच डिसेंबरात कंपनी बुडाली, बाजार खुला करणारा टेक्ससचा कायदा मात्र राहिला.

मी स्पर्धेच्या विरोधात नाही हो. गावाला सरकारी बोर्डाचं आठ-आठ तासांचं लोडशेडिंग भोगलंय, आणि टेक्ससमध्ये देशात सगळ्यात जास्त पवनवीज तयार होते, त्यात या खुल्या बाजाराचाही हातभार आहे हेही खरं. बिल पाठवायला दहा कंपन्या भांडू देत. पण थंडीत केंद्र चालू राहील याची तयारी ही कुणाच्या मर्जीवर सोडायची गोष्ट नाही, ती कायद्याने करून घ्यायला हवी. 2021 मध्येच, त्या थंडीनंतर, तसा कायदा झाला, 2022 पासून घाऊक भावाची मर्यादाही 9000 वरून 5000 डॉलरवर आणली. दहा वर्षं आधी झालं असतं तर?

आजी आहेत अजून. हिवाळ्यात गोठण्याचा इशारा आला की दारात येतात, आणि पहिला प्रश्न, गाडीची टाकी भरलीय ना? मी आदल्या दिवशीच भरून ठेवते.