नवरा वाईट असलाच पाहिजे का?

संपादक म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ सुधारणारी बाई, असं बहुतेकांना वाटतं. ते काम मुद्रितशोधक करतात आणि माझ्यापेक्षा कितीतरी नीट करतात. रहस्याची संहिता हातात आली की मी आधी तक्ता करते. कोणत्या प्रकरणात कोणाला काय ठाऊक आहे, समोरच्याला काय ठाऊक आहे असं त्याला वाटतंय आणि वाचकाला काय कळलंय. हे तीन रकाने जुळले नाहीत तर कथानक कुठेतरी गळतंच.

सध्या माझ्या हातात रहस्य आणि प्रेमकथा दोन्ही असलेली एक कादंबरी आहे. तिचा तक्ता चोख निघाला. नायिका पोलीस अधिकारी, लग्न झालेलं, एक मुलगी. शस्त्रांची तस्करी करणाऱ्या टोळीत खोट्या नावाने शिरते आणि टोळीचे हिशेब ठेवणाऱ्या माणसात गुंतते. त्याच्या वहीतली खाडाखोड बघून तो कधी घाबरलेला होता हे ती ओळखू लागते. ती पानं मी पेन्सिल खाली ठेवून वाचली.

खटकला तो नवरा. पितो, हात उगारतो, एक वाक्य धड बोलत नाही. नायिकेला दुसरीकडे जीव लावायला परवाना मिळावा म्हणूनच त्याला आणलंय, हे उघड दिसतं.

बैठकीत लेखिकेला म्हटलं, "ताई, नवरा चांगला करून बघता का?"

प्रकाशक दचकले. "अहो, मग वाचक तिलाच शिव्या घालतील!" विक्रीवाल्या मुलाने तोवर मुखपृष्ठ पुढे सरकवलं. पिस्तूल आणि पुरुषाची उघडी छाती. संहिता त्याने उघडलीही नव्हती, पण मत होतं.

मग अंगठी. मोहिमेवर निघताना नायिका ती काढते आणि बोटावरचा फिकट वळ बघून खलनायकाला संशय येतो. इतक्या कादंबऱ्यांत वाचून हा वळ मला आता पाठ झालाय. मुळात अंगठी काढायचीच कशाला? खोटी ओळख खऱ्याच्या जितकी जवळ तितकी टिकते, कारण झोपेतून उठवून विचारलं तर माणूस खरं तेच बोलून जातो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची एसओई ही गुप्त कारवायांची संघटना फ्रान्समध्ये हेर पाठवताना त्यांच्या कपड्यांची शिवण फ्रेंच धाटणीची करून घ्यायची, दातांत भरलेलं चांदी-सिमेंटसुद्धा बदलून घ्यायची. असल्या धंद्यात बोटावरचा वळ राहील?

"खोट्या ओळखीतही ती विवाहितच असू दे," मी म्हटलं. "नवरा दूर नोकरीला. मग हिशेबनिसाने 'कसा आहे तो?' विचारलं की तिला खऱ्या नवऱ्याबद्दलच बोलावं लागेल. तेही याच्यासमोर."

ताईंनी टिपण थांबवलं आणि पहिल्यांदा वर बघितलं.

मी ओडेट सॅन्समचं उदाहरण दिलं. एसओईची हेर, विवाहित, तीन मुलींची आई, 1942 मध्ये फ्रान्समध्ये उतरली. एप्रिल 1943 मध्ये तिचा प्रमुख पीटर चर्चिल याच्यासह पकडली गेली. तिने ठोकून दिलं की आम्ही नवरा-बायको आणि हा पंतप्रधान चर्चिल यांचा नातलग. दोन्ही थापा, जीव वाचवायला. पुढे 1947 मध्ये तिने पीटरशी खरोखर लग्न केलं. मी वाचलेल्या हकिकतींत तिचा पहिला नवरा एका ओळीत आटोपतो. मला ताईंच्या कादंबरीत नेमकी तीच ओळ लांबवून हवी होती.

नवऱ्याचं ताईंनी ऐकलं. शेवटाचं नाही. सगळं उघड झाल्यावर हिशेबनीस नायिकेला अर्ध्या पानात माफ करतो. ब्रिटनमध्ये खोट्या नावाने आंदोलनांत शिरलेल्या पोलिसांनी तिथल्या बायकांशी वर्षानुवर्षं संसारासारखी नाती ठेवली. प्रकरण न्यायालयात गेलं आणि 2015 मध्ये लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी सात जणींची जाहीर माफी मागितली. इथे फसलेला पुरुष आहे, एवढाच फरक. त्याला अर्धं पान?

"प्रेमकथा घेणाऱ्याला शेवटी ती दोघं एकत्र हवी असतात," ताई म्हणाल्या. "तेवढा शब्द मी मोडणार नाही." हेही खोटं नाही, म्हणून तर डोकं भणभणतंय.

नव्या खर्ड्यात नवरा तिची बॅग भरून देतो आणि कुठे निघालीस हे विचारत नाही. आता वाचताना त्याच्याचकडे लक्ष जातं आणि हिशेबनीस फिका पडतो. प्रकाशक म्हणतात, मी सांगितलं होतं. माफी दीड पानाची झालीय. ती दोघं एकत्र येऊ देत, माझी ना नाही, पण त्याआधी हिशेबनिसाने एक अख्खं प्रकरण तिच्याशी बोलू नये असं मी समासात लिहिलंय. ताईंचं उत्तर यायचंय.